वेटिंग रूमचं दार

सुरेखा ओव्हाळने लिंडेनफुर्टचं मुख्य स्टेशन डोळ्यांनी कधी पाहिलं नाही. ते स्टेशन जर्मनीत. आणि ही न्यूझीलंडमध्ये, क्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात, फरशांच्या गोडाऊनमागच्या एका बैठ्या ऑफिसात. पण त्या स्टेशनात रात्री कुणी अडकलं, कुणाची बॅग लॉकरमध्ये राहिली, कुणाला व्हीलचेअरची लिफ्ट सापडेना, की तो माणूस तिथल्या निळ्या खांबावरचं बटण दाबायचा आणि इथे हिच्या कानात घंटी वाजायची. तिकडे मध्यरात्र म्हणजे इकडे टळटळीत दुपार. जर्मन माणसाला रात्रपाळीचा जादा पगार द्यायला नको म्हणून कुणाच्या तरी हुशार डोक्यातून निघालेली ही युक्ती. पृथ्वी गोल असल्याचा फायदा कंपन्यांना झाला, आपल्याला नुसता भूगोलाचा पेपर!

जर्मन ती पुण्यात शिकली. पुण्यात जर्मन शिकायची साथच असते. ज्याला त्याला वाटतं, आपण उद्या विमानात बसणार. सुरेखाच्या वर्गातल्या मुली स्कूटीवरून यायच्या आणि ही दौंडहून पॅसेंजरने. बाप रेल्वेत सफाईवाला. "तुला गं कशाला जर्मन?" असं एकीने विचारलं होतं, अगदी प्रेमाने, डब्यातली भाजी पुढे करत.  सुरेखा परीक्षेत पहिली आली, तेच उत्तर. उच्चार इतके स्वच्छ की बाई दुसऱ्या वर्गाला ऐकवायला तिला घेऊन जायच्या. ती विमानात बसली खरी, पण जर्मनीच्या नव्हे. नवरा लहू डिझेल फिटर. त्याला हॉर्नबीतल्या ट्रकच्या वर्कशॉपने बोलावलं आणि सगळं बिऱ्हाड इकडे आलं. इथे जर्मनला कोण विचारतो! काही वर्षं ती सुपरमार्केटात फळ्यांवर डबे रचत होती. मग हे ऑफिस निघालं, आणि तिला वाटलं, चला, शिकलेलं फुकट गेलं नाही.

स्टेशनचा इतिहास ट्रेनिंगमध्ये पाठ करून घेतला होता, आणि पाठांतर म्हटलं की आपली माणसं कुणाला ऐकत नाहीत. कैसरच्या, म्हणजे जर्मन बादशहाच्या काळात बांधलेलं स्टेशन. तेव्हा तिथे वेटिंग रूम तीन होत्या. पहिल्या वर्गाला झुंबरं, दुसऱ्याला गाद्यांची बाकं, आणि तिसऱ्या वर्गाला लाकडी फळ्या आणि मधोमध एक शेगडी. कैसरसाहेबांची खोली तर वेगळीच. ते तिथे एकदाच येऊन गेले, तेही घाईत. मग महायुद्धात बॉम्ब पडले, छप्पर कोसळलं. झुंबरं गेली, गाद्या गेल्या, कैसरची खोली गेली. उरली ती तिसऱ्या वर्गाची. आज जी एकुलती एक वेटिंग रूम आहे, ती तीच. फळ्या काढून खुर्च्या आल्या, शेगडीच्या जागी हीटर. हे वाचलं तेव्हा सुरेखा खुर्चीत बसल्या बसल्या हसली. "साहेबांच्या गेल्या, आमची राहिली," असं ती घरी लहूला म्हणाली.

वेटिंग रूम या शब्दाशी तिचं जुनं भांडण होतं. नऊ-दहा वर्षांची असताना तिला ताप चढला. उतरेना, म्हणून बाप तिला पहाटेच्या गाडीने पुण्याला ससूनमध्ये घेऊन निघाला. डिसेंबरची थंडी, गाडी लेट. बाप, विश्वनाथ त्याचं नाव, तिला पाठुंगळी घेऊन दौंड स्टेशनातल्या फर्स्ट क्लासच्या वेटिंग रूमपाशी गेला. आत कुणी चिटपाखरू नव्हतं. फरशी चकचकीत होती. त्यानेच आदल्या संध्याकाळी पुसलेली. दारावरचा माणूस त्याच्या रोजच्या ओळखीचा, त्याच्याकडून तंबाखू मागून खाणारा. तो म्हणाला, "विश्वनाथ, पोरीला घेऊन बाहेर बस. साहेबलोक येतील." बाप वळला. बाहेर सामान तोलायच्या काट्यावर बसला आणि आपला खाकी कोट तिच्याभोवती गुंडाळला. ती कुडकुडत म्हणाली, "आबा, आत कुणीच नाही ना?" तर तो म्हणाला, "नियम हाय, पोरी."

तापाचं तिला काही आठवत नव्हतं. ते वाक्य मात्र हाडात बसलं होतं. बापाचा राग आला होता, त्या दारवाल्यापेक्षा जास्त. आणि नशीब बघा, त्याच पोरीच्या हातात पुढे एका वेटिंग रूमचं दार आलं.

म्हणजे असं: लिंडेनफुर्टची वेटिंग रूम रात्री कुलूपबंद होते. पहाटेच्या गाडीचं तिकीट असेल त्यालाच आत सोडायचं. माणसाने दारापाशी येऊन खांबावरचं बटण दाबायचं, तिकीट कॅमेऱ्यासमोर धरायचं, इकडे हॉर्नबीत सुरेखाने ते बघायचं आणि स्क्रीनवरची हिरवी चौकट दाबायची, की तिकडे कुलूप खट्कन उघडायचं. नियम साधा आणि सरळ. नियम नेहमी साधे नि सरळच असतात.

फ्राऊ क्रेमर, म्हणजे क्रेमरबाई, पहिल्यांदा आली ती तिकडच्या एका हिवाळ्यात. सत्तरीच्या पुढची बाई, डोक्याला लोकरी टोपी, हातात चाकांची पिशवी. म्हणाली, "पहाटेची गाडी आहे. तिकीट पिशवीत तळाशी गेलंय, बोटं गारठलीत, सापडत नाही." सुरेखाने स्क्रीनवर तिच्याकडे पाहिलं. तिकीट बिकीट काही नव्हतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. सुरेखा म्हणाली, "काही हरकत नाही, बाई. पहाटेची गाडी ना? दार उघडलंय, आत या."

दुसऱ्या रात्री म्हातारी पुन्हा आली. पुन्हा पहाटेची गाडी, पुन्हा पिशवीच्या तळाशी गेलेलं तिकीट. तिसऱ्या रात्रीही तेच. मग ती रीतच पडली. हळूहळू तुकड्या-तुकड्यांनी समजलं की हिचं याच स्टेशनात फुलांचं दुकान होतं, मोठ्या घड्याळाखाली. दुकानाच्या जागी सँडविचवाले आले. मग राहती बिल्डिंग कुणी तरी विकत घेतली आणि खोली गेली. स्टेशनातले सेवाभावी लोक दिवसा चहा-सूप द्यायचे, पण रात्री त्यांचंही दार बंद. एवढं सगळं सांगूनही म्हातारी शेवटी म्हणायची, "बरं, आता मला पहाटेची गाडी गाठायची आहे हं," आणि सुरेखा म्हणायची, "हो तर! आत या."

एकदा म्हातारी म्हणाली, "तुमच्या सुट्टीच्या दिवशी दुसरे लोक तिकीट मागतात. तुम्ही एकट्याच माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवता." सुरेखाच्या ओठांवर आलं होतं की अहो, मला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत आहे. पण तिने ते गिळलं. आबांची शिकवण होती: उपकार करावा आणि गप्प बसावं, बोलून दाखवला की समोरच्याची मान खाली जाते. म्हातारीला वाटत होतं, ही भोळी बाई आपल्या थापेला फसते. वाटू दे. फसवणारा निदान ताठ मानेने आत जातो. भिकाऱ्याला ती सोय नसते.

लहूला हे पटत नव्हतं. "तिला एकदा सांगून टाक, की तुला माहितीये," तो म्हणायचा. "उद्या तू नसलीस तर तिला कळायला नको, की बाबा हे सगळं हिच्या जिवावर चाललं होतं?"

"काय सांगू? की मी तुझ्यावर मेहेरबानी करते?"

लेक आरुषीचं तिसरंच. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. "मम, इट्स जस्ट अ जॉब," ती म्हणायची आणि टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, खांद्यावर टाकून निघून जायची. सुरेखा मनात म्हणायची, असेल बाई, तुझ्या भाषेत असेल.

दर वर्षी सहा डिसेंबरला एक गंमत व्हायची. जर्मनीत त्या दिवशी संत निकोलसच्या नावाने मुलांच्या बुटात संत्री नि अक्रोड ठेवतात. म्हातारी कुठून तरी एक लहानसं संत्रं आणायची आणि कॅमेऱ्याखालच्या कट्ट्यावर ठेवायची. "हे तुमचं. बूट दिसत नाहीत तुमचे, म्हणून इथे." सुरेखा त्याच सकाळी पांढरी साडी नेसून, बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून, त्रिसरण म्हणून कामावर आलेली असायची. महापरिनिर्वाण दिन म्हणजे काय हे म्हातारीला कसं समजावणार? ती आभार मानायची, "दांके, फ्राऊ क्रेमर. फार गोड दिसतंय." ते संत्रं मग सकाळचा सफाईवाला नेत असणार. ते बरंच होतं, असं सुरेखाला वाटायचं.

मग ऑफिसात शुभम मॅनेजर होऊन आला. मूळचा नाशिकचा, ऑकलंडला शिकायला आला, तिथल्याच अल्बनी भागात चार पोरांबरोबर एका खोलीत राहिला, पिझ्झे पोचवले, आणि आता टाय लावून इकडे. पोरगा वाईट नव्हता. सकाळी "किया ओरा, मावशी!" म्हणून दारातून यायचा, दिवाळीला सगळ्यांना चिवडा वाटायचा. वाईट नसलेली माणसंच फार महागात पडतात. एक दिवस त्याने तिला काचेच्या खोलीत बोलावलं.  तिला वाटलं, दाराचं कळलं.

दाराचं त्याला कळलंच होतं. पण तो त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. म्हणाला, "मावशी, जर्मनीवाले तुमच्या आवाजावर जाम खूश आहेत. म्हणतात, इतकं शुद्ध जर्मन हल्ली आमच्याकडे पण कुणी बोलत नाही. थोडी वाक्यं रेकॉर्ड करून हवी आहेत त्यांना."

"कशाला?"

"बॅकअप हो. लाइन बिझी असली की वाजवायला. स्वीट ॲज! एकदम झकास!"

आणि इथे सुरेखा फसली. वीस-पंचवीस वर्षं पोटात ठेवलेलं ते "तुला गं कशाला जर्मन?" अचानक फुलासारखं उमललं. जर्मनांना हिचं जर्मन हवं होतं! त्या दिवशी ती घरी मासे तळून बसली, लहूला तीनदा सांगितलं. पुढचे काही दिवस छोट्या खोलीत कान झाकून ती वाक्यं बोलत होती. लॉकर कुठे आहेत. लिफ्ट कोणत्या बाजूला. हरवलेल्या वस्तूंचं ऑफिस कधी उघडतं. त्यात एक वाक्य असं होतं: क्षमा करा, वैध तिकिटाशिवाय आपल्याला वेटिंग रूममध्ये प्रवेश देता येत नाही, असा नियम आहे. ते वाचून ती थबकली. मग तिला वाटलं, कुणाला नाही म्हणायचंच असेल तर निदान गोड तरी म्हणावं. तिने ते वाक्य पुन्हा पुन्हा घेतलं, शेवटी इतकं मऊ बोलली की ऐकणाऱ्याला बरं वाटावं. "आणि 'दार उघडलंय, आत या' हेही घ्या बरं का," असं तिने बजावून घेतलं. "ऑफ कोर्स, मावशी," शुभम म्हणाला.

यंदाच्या डिसेंबरात दोन दिवस सुट्टी घेऊन ती सहा तारखेला कामावर आली. पांढरी साडी, वर ऑफिसचं जॅकेट. बघते तो सगळे उभे, मधे शुभम, आणि टेबलावर केक. केक दिसला की समजावं, कुणाचा तरी गळा कापला गेलाय. नवी सिस्टिम आजपासून चालू झाली होती. फोन आता मशीन उचलणार, तिकीट मशीन तपासणार, दार मशीन उघडणार. माणसांनी हा शेवटचा आठवडा नुसतं बसून ऐकायचं, कुठे चुकतंय का ते बघायचं. मग हिशोब, हात मिळवणे, गुडबाय. आणि मशीनचा आवाज कुणाचा? शुभमने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "आपल्या मावशींचा!"

सुरेखाने केकला हात लावला नाही. ती सरळ शुभमपाशी गेली. "ते दार उघडेल ना?"

"तिकीट असलं की उघडेल."

"मी 'आत या' म्हटलं होतं."

"आहे की! तिकीट स्कॅन झालं की तेच वाजतं." त्याने नजर वळवली. "मावशी, तुम्ही किती दारं उघडलीत ते रेकॉर्डवर सगळं दिसतं. मी काही बोललो नाही. उलट तुमचं नाव मीच पुढे केलं. तुमचं पॅकेजही नीट करून घेतलंय." तो खरं बोलत होता, आणि म्हणूनच त्याच्या मुस्काटात मारता येत नव्हतं.

ती जागेवर येऊन बसली, कानाला हेडसेट लावला. स्क्रीनवर सगळ्या चौकटी करड्या पडलेल्या. हिरवी चौकटही करडी. एकच गोष्ट तिच्या डोक्यात होती: आज संत निकोलसचा दिवस, म्हातारी येणारच. आणि तिला सांगायचा काही मार्ग नाही. बाहेर गोडाऊनच्या पत्र्यावर ऊन तापलं होतं, आणि स्क्रीनवर लिंडेनफुर्टच्या फलाटावर बर्फ भुरभुरत होतं.

दुपारी म्हातारी आली. लोकरी टोपी, पिशवी, आणि हातमोज्यात संत्रं. आधी तिने ते कट्ट्यावर ठेवलं, नीट, घरंगळू नये असं. मग बटण दाबलं.

"शुभ संध्या," सुरेखाचा आवाज म्हणाला. सुरेखाचे ओठ मिटलेले होते.

म्हातारीचा चेहरा उजळला. "शुभ संध्या! बघा, विसरले नाही मी. हे तुमचं. बरं, मला पहाटेची गाडी..."

"कृपया आपलं तिकीट कॅमेऱ्यासमोर धरा."

म्हातारी हसली. "अहो, मी आहे. क्रेमर. पिशवीत तळाशी गेलंय हो ते."

"क्षमा करा. वैध तिकिटाशिवाय आपल्याला वेटिंग रूममध्ये प्रवेश देता येत नाही, असा नियम आहे."

आवाज गोड होता. किती गोड! म्हातारीने दार ढकलून पाहिलं. पुन्हा खांबाकडे आली. तिला कळेना. सुरेखा करड्या चौकटीवर बोट आपटत होती. "फ्राऊ क्रेमर! मी नाहीये ती! ऐका, मी नाहीये!" माइक बंद होता. आजूबाजूच्या माना वळल्या. "शुभम, एकदा उघड. एकदाच, बाबा. बर्फ पडतंय तिथे!"

शुभम दारात येऊन उभा राहिला. "माझ्याकडे पण ॲक्सेस नाही, मावशी. खरंच." नसेलही. पण कुणाकडे आहे ते बघायला तो जागचा हलला नाही.

स्क्रीनवर म्हातारी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली होती. टोपीवर बर्फ होतं. ती हळू आवाजात बोलू लागली.

"तुम्हाला कळलं तर," ती म्हणाली. "कधी तरी कळणारच होतं. नाही माझ्याकडे तिकीट. कधीच नव्हतं. तुम्ही इतका विश्वास ठेवलात आणि मी रोज तोंडावर खोटं बोलले. राग येणारच. मला माफ करा."

"कृपया आपलं तिकीट कॅमेऱ्यासमोर धरा," सुरेखाचा आवाज म्हणाला.

"हो, हो. बरोबर आहे तुमचं. नियम आहे." म्हातारीने मान हलवली. "संत्रं मात्र घ्या. ते खरं आहे." तिने पिशवीचा दांडा धरला आणि चौकटीबाहेर चालू लागली, थोडा वेळ चाकांचा आवाज आला, मग तोही थांबला.

सुरेखाने हेडसेट काढून टेबलावर टाकला. आबांचा राग यायचा तिला, आयुष्यभर आला. पण आबा निदान स्वतः बाहेर बसले होते, काट्यावर, पोरीला कोटात घेऊन. ही आत बसली होती. आणि पहिल्या दिवशी एक वाक्य बोलली असती, मला माहीत आहे, बाई, तरी या, तर आज म्हातारी शरमेने तरी गेली नसती. लहूने सांगितलं होतं. मान खाली जाऊ नये म्हणून जपलं, जपलं, आणि शेवटी ती यंत्रापुढे खाली घालायला लावली. ती तिथेच रडली, सगळ्यांसमोर, केकच्या टेबलापाशी.

मग ती ताडकन उठली आणि पार्किंगमध्ये गेली. उन्हाने गाड्यांची टपं तापली होती. तिने मोबाइल काढला आणि लिंडेनफुर्ट स्टेशनचा मुख्य नंबर लावला, जो तिला झोपेतही पाठ होता. कुणी तरी असेल तिकडे. पोलीस असेल, हमाल असेल, एक जिवंत माणूस फोन उचलेल आणि दोन पावलं चालून म्हातारीला हाक मारेल.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. "लिंडेनफुर्ट मुख्य स्टेशनात आपलं स्वागत. मी आपली काय मदत करू?"

"दार उघडा," सुरेखा जर्मनमध्ये म्हणाली. "वेटिंग रूमचं. एक बाई बाहेर आहे, म्हातारी, टोपीवाली. फार लांब गेली नसेल."

"वेटिंग रूमसाठी कृपया आपलं तिकीट कॅमेऱ्यासमोर धरा."

"अगं उघड ना!" ती मराठीत ओरडली. गोडाऊनमधला फोर्कलिफ्टवाला थांबून बघू लागला. "उघड गं बाई, तुला माहितीये ती कोण आहे! उघड!"

पलीकडच्या बाईला मराठी येत नव्हतं. तिने मऊ आवाजात क्षमा मागितली, नियम सांगितला, आणि शुभ रात्री म्हणून फोन ठेवला.